आधी शिक्षकाचं इंग्रजी

महाराष्ट्रात बी.एड.ला प्रवेश हवा असेल तर पदवीनंतर सीईटी द्यावी लागते. प्रश्न शंभर: ४० बौद्धिक क्षमतेवर, ३० सामान्य ज्ञानावर आणि ३० शिक्षक अभियोग्यतेवर. इंग्रजी भाषेची वेगळी चाचणी आहे, तिला ईएलसीटी म्हणतात, पण ती इंग्रजी माध्यमाच्या अध्यापक महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. मराठी माध्यमातून बी.एड. करून उद्या आठवी, नववी, दहावीच्या वर्गात इंग्रजीच शिकवायला उभ्या राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ती द्यावी लागत नाही. पदवी हातात आली की नोकरीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी येते. तिथे दोनशे प्रश्नांपैकी १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. इंग्रजी हा त्यातल्या अनेक घटकांपैकी एक, तोही पर्यायी उत्तरांचा. उमेदवार पाच मिनिटं सलग इंग्रजी बोलू शकतो का, एक पान नीट लिहू शकतो का, मुलाच्या निबंधातली चूक कशामुळे झाली हे सांगू शकतो का, या गोष्टी दोन्हीपैकी एकाही परीक्षेत तपासल्या जात नाहीत.

माध्यमिक शाळेतला इंग्रजीचा शिक्षक कसा घडतो, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पद्धती, साधनं, तंत्रज्ञान, मूल्यमापन यांवर चर्चासत्रं होतात. माझ्या मते या सगळ्याच्या आधी येणारी एक गोष्ट आपण सतत बाजूला ठेवत आलो: शिकवणाऱ्याचं स्वतःचं इंग्रजी. ते पक्कं करणं हे प्रशिक्षणाचं काम आहे हेच आपल्या अभ्यासक्रमाने कधी मनापासून मानलं नाही. ही गोष्ट बाजूला कशी पडली, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये सुरू झालं. त्या काळी माध्यमिक शाळांत बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जात आणि कॉलेजचं शिक्षण तर पूर्णच इंग्रजीतून होई. पदवीधर म्हणजे इंग्रजी लिहिणारा-बोलणारा माणूस, हे तेव्हा वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याला शिकवायचं होतं ते अध्यापनाचं तंत्र, मानसशास्त्र, शाळेचं व्यवस्थापन. पुण्याचं टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ मध्ये निघालं, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं आझाद कॉलेज १९५५ मध्ये. तोवर काळ बदलू लागला होता. शाळांचं माध्यम मराठी झालं होतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचं धोरण आलं. पुढे इंग्रजी पाचवीपर्यंत खाली आलं आणि जून २००० पासून पहिलीपर्यंत. कला शाखेच्या पदव्याही मराठीतून घेता येऊ लागल्या, आणि ते योग्यच झालं, कारण त्यामुळेच खेड्यापाड्यातली मुलं पदवीपर्यंत पोहोचली.

पण प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा सांगाडा मात्र जुन्या गृहीतकावरच उभा राहिला. इंग्रजी येतंच आहे, आता फक्त ते शिकवायचं कसं ते सांगा. आज बी.एड.ला इंग्रजी ही अध्यापन पद्धती घेणारे विद्यार्थी पाहिले तर त्यांत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले असतात, तसेच इतिहास, समाजशास्त्र किंवा मराठी घेऊन पदवीधर झालेले आणि इंग्रजी फक्त आवश्यक विषय म्हणून शिकलेलेही असतात. दुसऱ्या गटातली मुलं इंग्रजी पद्धती घेतात, कारण इंग्रजीच्या शिक्षकाला जागा मिळण्याची आशा जास्त. पहिल्या गटाची स्थितीही फार वेगळी नाही. त्यांनी शेक्सपिअर वाचलेला असतो, पण परीक्षेपुरता, नोट्समधून. साहित्यप्रकार, समीक्षेतल्या संज्ञा, कवींची चरित्रं पाठ असतात. चार ओळींची सूचना फलकावर लिहायला सांगितली की हात थबकतो. हा त्यांचा दोष नाही. तीन वर्षांत त्यांना स्वतःचं वाक्य लिहायला कुणी सांगितलेलं नसतं.

आताचा दोन वर्षांचा बी.एड. २०१५-१६ पासून सुरू झाला. त्याआधी तो एक वर्षाचा होता. या बदलामागचा न्या. जे. एस. वर्मा आयोग महाराष्ट्रातल्याच प्रकरणातून जन्मला, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. इथल्या अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचे वाद सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने २०११ मध्ये हा आयोग नेमला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात प्रशिक्षणाचा काळ वाढवण्याची शिफारस होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमांत ती उचलली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच आयोगाचा दाखला देत फार कडक शब्द वापरले आहेत. देशातल्या दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुतेक संस्था गंभीरपणे शिक्षण देण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पदव्या विकतात, असं ते धोरण म्हणतं. सरकारच्याच कागदावर हे लिहिलेलं आहे. हजेरीपटावर नाव आणि प्रत्यक्षात माणूस दुसरीकडे नोकरीला, हा प्रकार या क्षेत्रात वावरणाऱ्या कुणालाही नवा नाही. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, कारण जिथे विद्यार्थी रोज येतात आणि प्राध्यापक मनापासून शिकवतात तिथेही इंग्रजीचा प्रश्न सुटत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

दोन वर्षांत काय असतं? बाल्यावस्था आणि किशोरावस्था, समकालीन भारत आणि शिक्षण, अध्ययन आणि अध्यापन, लिंगभाव आणि शाळा, मूल्यमापन, समावेशक शिक्षण. शिवाय वाचन-चिंतन, नाट्य आणि कला, माहिती तंत्रज्ञान, स्वतःची ओळख असे क्षमता वाढवणारे अभ्यासक्रम. ‘अभ्यासक्रमातून भाषा’ नावाचाही एक विषय आहे, पण तो सर्वच विषयांच्या शिक्षकांसाठी. इंग्रजीच्या वाट्याला येते ती अध्यापन पद्धती. तिच्यात अभ्यासक्रमातलं इंग्रजीचं स्थान, अध्यापनाची उद्दिष्टं, भाषांतर पद्धती, प्रत्यक्ष पद्धती, रचना पद्धती, द्विभाषिक पद्धती, संप्रेषणात्मक दृष्टिकोन, प्रत्येकाचे गुण-दोष, साधनं, चाचणी आणि शेवटी आदर्श इंग्रजी शिक्षकाचे गुण. परीक्षा याच मुद्द्यांवर होते. उत्तर इंग्रजीत लिहायचं असतं, म्हणून ते पाठ करून लिहिलं जातं. भाषा पाठ करून शिकवू नये, हे पाठ करून लिहिलेलं उत्तर चांगले गुण मिळवतं.

वर्गात जाण्याआधी सूक्ष्म अध्यापन होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही कल्पना निघाली आणि सत्तरच्या दशकात बडोदा, इंदूर इथल्या प्राध्यापकांनी ती भारतात रुजवली. प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फळ्यावर लिहिणं, प्रबलन देणं, असं एकेक कौशल्य सुटं काढून पाच-सहा मिनिटांच्या पाठात घोटायचं, मग सेतुपाठात दोन-तीन कौशल्यं जोडायची. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच मित्र बसलेले असतात. नवशिक्याची भीती जाण्यासाठी याचा उपयोग होतो, हे खरं. पण ही सगळी कौशल्यं विषयनिरपेक्ष आहेत. भूगोलाच्या शिक्षकाचं प्रबलन आणि इंग्रजीच्या शिक्षकाचं प्रबलन यांत इथे काही फरक नाही. इंग्रजीच्या शिक्षकाला मात्र एका खास कौशल्याची गरज असते, ते या यादीत नाही: मुलाने तोडकंमोडकं वाक्य बोललं की त्याचा अर्थ धरून, त्याला न अडवता, तेच वाक्य नीट करून त्याच्याकडे परत देणं. त्यासाठी नीट वाक्य शिक्षकाच्या जिभेवर तयार असावं लागतं.

एक सराव पाठ मला नेहमी आठवतो. नववीचा वर्ग, मराठी माध्यम, छात्राध्यापिका मेहनती. पाठ टाचण सुबक, रंगीत तक्ता, फळ्यावर सूत्र: कर्ता, मग ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, मग क्रियापदाचं तिसरं रूप. तिने उदाहरणं दिली, मुलांकडून वाक्यं मागवली. एका मुलाने उत्साहाने सांगितलं, ‘आय हॅव सीन द ताजमहाल इन डिसेंबर.’ बाईंनी ‘व्हेरी गुड’ म्हणून ते फळ्यावर लिहिलं. सूत्रात ते चपखल बसत होतं. निरीक्षणाच्या कागदावर प्रस्तावना, फलकलेखन, साधनांचा वापर, प्रश्नकौशल्य, वर्गनियंत्रण या सगळ्यांपुढे चांगले शेरे पडले. आशयज्ञानाचाही एक रकाना होता. तिथेही.

ते वाक्य इंग्रजीत चालत नाही, कारण घडलेली वेळ सांगितली की तिथे साधा भूतकाळच लागतो. मुलाने ते कुठून आणलं हे मात्र स्पष्ट आहे. ‘मी डिसेंबरमध्ये ताजमहाल पाहिला आहे’ हे मराठीत अगदी सहज, निर्दोष वाक्य आहे. मराठीतला ‘आहे’ वेळेच्या शब्दाबरोबर गुण्यागोविंदाने नांदतो, इंग्रजीतला ‘हॅव’ नांदत नाही. हे ज्या शिक्षिकेला ठाऊक आहे ती त्या मुलाला दोन मिनिटांत वाटेवर आणू शकते. वाक्यात ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर आहे का बघ. असेल तर ‘हॅव’ काढ, ‘सॉ’ म्हण. नुसतं पाहिलं आहे, केव्हा ते महत्त्वाचं नाही, तर ‘हॅव सीन’. मग वर्गाला पाच मराठी वाक्यं द्यायची आणि कुठे काय येईल ते ओळखायला लावायचं. यासाठी तक्ता लागत नाही. लागतं ते इंग्रजीचं भान आणि आपल्या मराठीचंही भान. त्या छात्राध्यापिकेला दोन वर्षांत हे कुणी सांगितलं असण्याची शक्यता फारच कमी.

अशा जागा शेकडो आहेत आणि त्या बऱ्याचशा आधीच सांगता येतात. मराठीत उपपदं नाहीत, म्हणून ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ गळतात किंवा नको तिथे येतात. ‘अॅन’ स्वराआधी येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो स्वर अक्षराचा नसून उच्चाराचा आहे हे न सांगितल्याने ‘अॅन युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ अवर’ जन्माला येतात. ‘तो मला म्हणाला’ यावरून ‘ही सेड मी’. ‘त्याला माहीत नाही’ मधला कर्ता बदलला तरी क्रियापद हलत नाही, म्हणून ‘ही डोन्ट नो’. उच्चारात ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होतात, कारण आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसे नाही. शब्दातल्या नेमक्या अवयवावर जोर देण्याची सवय मराठीला नाही, म्हणून ‘डेव्हलप’चा जोर पहिल्या अवयवावर पडतो. मराठी बोलणारं मूल इंग्रजी शिकताना कुठे कुठे अडखळणार याचा नकाशा काढणं शक्य आहे. असा नकाशा हा मराठी मुलखातल्या इंग्रजी अध्यापन पद्धतीच्या पुस्तकाचा पाया असायला हवा. त्याऐवजी बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत ‘प्रत्यक्ष पद्धतीचे फायदे’ क्रमाने दिलेले असतात.

इथेच मराठीच्या वापराचा प्रश्न येतो. प्रशिक्षणात शिकवतात की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा. पाठ पाहायला प्राध्यापक बसलेले असताना छात्रशिक्षक तसं करतो, मुलं गप्प बसतात. नोकरी लागल्यावर तोच शिक्षक धडा ओळीने वाचतो, मराठीत अर्थ सांगतो आणि प्रश्नोत्तरं लिहून देतो. दोन्ही टोकं. मधली वाट नसते असं नाही. आपल्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकली आणि त्यातल्या कित्येकांचं लेखी इंग्रजी आजच्या पदवीधरांपेक्षा भक्कम होतं, कारण दोन भाषांची वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची त्यांना सवय होती. बोलणं मात्र त्यांना त्यातून आलं नाही, हेही तितकंच खरं. सी. जे. डॉडसन यांनी १९६७ मध्ये वेल्समधल्या अनुभवावरून द्विभाषिक पद्धत मांडली. तिच्यात मातृभाषा शिक्षकाने अर्थ पोहोचवायला मोजून वापरायची आणि मुलांनी सराव इंग्रजीतच करायचा. आपल्या वर्गासाठी हे किती उपयोगी आहे! पण बी.एड.च्या वहीत तिच्या वाट्याला गुण-दोषांच्या चार-चार ओळी येतात. या पद्धतीने घेतलेला एक तरी पाठ छात्रशिक्षकांनी पाहिलेला असतो का, याची मला शंका आहे. एन. एस. प्रभूंच्या बंगळूर प्रकल्पाचंही तेच. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं, आकडेमोड अशी कामं मुलांना इंग्रजीतून करायला दिली आणि भाषा कामातून उगवू दिली. जगभर भाषाशिक्षणात या प्रयोगाचा दाखला दिला जातो. आपल्याकडे तो नावापुरता. तो वर्गात करायचा तर मुलं काय विचारतील हे आधी ठरवता येत नाही, आणि ठरवून न आलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देता यावं लागतं. पुन्हा आपण त्याच जागी येतो.

शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी शिक्षकाकडून असलेली अपेक्षा दरम्यान बरीच वाढवली आहे. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीचं ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ २०१७ आणि २०१८ मध्ये आलं. जुन्या प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली. ८० गुण लेखी, २० अंतर्गत. न पाहिलेला उतारा वाचून स्वतःचं मत लिहा, माहिती रूपांतरित करा, संवाद पूर्ण करा, कवितेचं रसग्रहण करा, भाषांतर करा. धड्याची प्रश्नोत्तरं पाठ करून यातले बरेच गुण मिळत नाहीत, ही सुधारणाच आहे. पण मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेली पाच वाक्यं तपासायची म्हणजे शिक्षकाला त्यांतलं काय चाललं आणि काय चाललं नाही हे ठरवता आलं पाहिजे. ते जमत नाही तिथे शिक्षक ‘नमुना उत्तर’ लिहून देतो आणि कृतिपत्रिका पुन्हा पाठांतराच्या वाटेला लागते. मुलाच्या बोलण्या-ऐकण्याचं मूल्यमापनही तोच करतो.

वही तपासणं हे मला प्रशिक्षणातलं सगळ्यात दुर्लक्षित काम वाटतं. छात्रशिक्षक पाठ घेतात, उपक्रम घेतात, स्नेहसंमेलनात मदत करतात. पन्नास मुलांच्या निबंधाचा गठ्ठा घेऊन बसत नाहीत. बसले तर कळेल की प्रत्येक चुकीवर लाल शाई ओढली तर पान लाल होतं आणि मूल पुढचा निबंध लिहीत नाही. कोणती चूक आज दुरुस्त करायची, कोणती महिनाभर सोडून द्यायची, कोणती वीस वह्यांत आहे म्हणून उद्या फळ्यावर घ्यायची, हे ठरवणं म्हणजेच इंग्रजी शिकवणं. २०१४ च्या नियमांत वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे. सोळा आठवडे एकाच वर्गाबरोबर राहून तिथल्या चार मुलांच्या वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येतात. त्यांचं इंग्रजी कुठून कुठे गेलं हे लिहून काढता येतं. आज बहुतेक ठिकाणी आंतरवासिता म्हणजे पाठांची ठरलेली संख्या भरणं आणि गैरहजर शिक्षकांचे तास घेणं. शाळेतल्या ज्या शिक्षकाच्या हाताखाली हे विद्यार्थी असतात त्याला मार्गदर्शक म्हणतात, पण त्या कामासाठी त्याचे तास कमी होत नाहीत, मानधन मिळत नाही आणि मार्गदर्शन कसं करायचं हे त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं.

गोव्यातलं चित्र थोडं वेगळं आहे. प्राथमिक शिक्षण बऱ्याच शाळांत मराठी किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून बहुतेक शाळांत इंग्रजी माध्यम, अशी तिथली रीत. त्यामुळे पणजीच्या निर्मला इन्स्टिट्यूटसारख्या, १९६३ पासून चालत आलेल्या संस्थेत शिकणाऱ्या भावी शिक्षकासमोर इंग्रजी हा विषय तर असतोच, पण विज्ञान आणि इतिहासही ज्या भाषेतून मुलांना कळायचे ती भाषा सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. महाराष्ट्रातल्या सेमी इंग्रजी शाळांत हाच प्रश्न अर्धा येऊन उभा आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकाने विज्ञानाच्या पुस्तकातलं कर्मणी वाक्य मुलांना उलगडून द्यायचं की नाही, हे बी.एड.मध्ये कुणी विचारत नाही. द्यायला हवं, असं मला वाटतं.

बाहेर पाहायचं तर हाँगकाँगचं उदाहरण जवळचं आहे, कारण तिथेही इंग्रजी ही बहुतेकांची मातृभाषा नाही. २००१ पासून तिथे इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी भाषाप्रावीण्याची परीक्षा घेतली जाते. वाचन, लेखन, श्रवण, संभाषण, आणि पाचवा भाग म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिक्षक कशी भाषा वापरतो याचं निरीक्षण. सुरुवातीला शिक्षकांनी तिला कडाडून विरोध केला, रस्त्यावर उतरले, आणि त्यांचा अपमानाचा मुद्दा समजण्यासारखा होता. सेवेतल्या शिक्षकांना मुदत आणि प्रशिक्षणाचा पर्याय देऊन ती पुढे रेटली गेली. मला त्यातला पाचवा भाग मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये पदवीनंतरचा अभ्यासक्रम वर्षभराचाच, पण त्यातले १२० दिवस किमान दोन शाळांत घालवावे लागतात. तिथे इंग्रजी हीच मुलांची भाषा, त्यामुळे तुलना फार ताणता येत नाही. घेण्यासारखं एवढंच की शाळेतला मार्गदर्शक हा त्या व्यवस्थेचा मुख्य माणूस आहे.

आपल्याकडे सेवेतल्या शिक्षकांसाठी काही चांगली कामं झाली. हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, आज इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने इंग्रजी अध्यापनाच्या पदविका सुरू केल्या आणि मराठी भागातलेही अनेक शिक्षक तिथे तयार झाले. राज्य आंग्लभाषा संस्थेने छत्रपती संभाजीनगरातून वर्षानुवर्षं प्रशिक्षणं घेतली. माध्यमिक शिक्षकांसाठी ‘एलिस’ आणि ‘चेस’ हे कार्यक्रम ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने चालले. प्राथमिक शिक्षकांसाठी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘तेजस’ चालला. त्यात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसत, इंग्रजीतून बोलत, आपल्या वर्गातला एखादा प्रयोग मांडत. चुकलं तरी हसणारं कुणी नसे. या गटांनी शिक्षकांना पद्धतीपेक्षा बोलण्याची जागा दिली, म्हणून ते मला महत्त्वाचे वाटतात. बी.एड. महाविद्यालयात असा गट पहिल्या आठवड्यापासून चालवायला पैसाही लागत नाही.

नेमणुकीचे नियमही या प्रश्नाला हातभार लावतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. भाषा म्हणजे मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही. लहान शाळेत एकच भाषाशिक्षक असतो आणि तो मराठीचा पदवीधर असला तरी इंग्रजी त्याच्याच गळ्यात पडतं. तिथून मुलं नववीत येतात आणि नववीचा शिक्षक पुन्हा ‘इज, अॅम, आर’पासून सुरुवात करतो. शिवाय चांगलं इंग्रजी आलेला तरुण या वाटेला का येईल? माध्यमिक शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ पर्यंत महिना आठ हजार होतं. आता ते अठरा हजार झालं आहे, तेही पहिली तीन वर्षं. इंग्रजी येणाऱ्याला शहरात याहून अधिक पगाराची नोकरी मिळते. तरीही काही जण येतात, ठरवून येतात. त्यांना टिकवायचं असेल तर ही तीन वर्षं पूर्ण वेतनाची करण्याला पर्याय नाही.

आता पुन्हा बदल होऊ घातले आहेत. राष्ट्रीय धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी व्हायची आहे. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. परत येतो आहे. एकात्मिक अभ्यासक्रमाकडून मला आशा आहे, कारण त्यात विषय आणि अध्यापन चार वर्षं हातात हात घालून चालू शकतात. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक संस्थांनी साठच्या दशकापासून तो चालवून दाखवला आहे. एक वर्षाच्या बी.एड.ची मात्र काळजी वाटते. दोन वर्षांत जे जमलं नाही ते एका वर्षात कसं जमणार, असा प्रश्न प्राध्यापक विचारतात. माझं म्हणणं असं की वर्ष एक असो की दोन, काय काढायचं आणि काय ठेवायचं हे धैर्याने ठरवावं. इंग्रजी पद्धती घेणाऱ्याची प्रवेशावेळी बोलण्या-लिहिण्याची चाचणी घ्यावी, नाकारण्यासाठी नव्हे, तर तो कुठे आहे हे समजण्यासाठी. रोज एक तास त्याच्या स्वतःच्या वाचन, लेखन आणि संभाषणाला द्यावा आणि त्याला पद्धतीच्या लेखी पेपराइतकेच गुण असावेत. मराठी मुलांच्या चुकांचा नकाशा त्याने शाळेतल्या खऱ्या वह्यांतून स्वतः तयार करावा. आंतरवासितेत पाठांची संख्या निम्मी करावी आणि वर्ग एकच ठेवावा. मार्गदर्शक शिक्षकाचे आठवड्यातले चार तास या कामासाठी मोकळे करून त्याचं मानधन महाविद्यालयाने द्यावं. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, विद्यापीठांची अभ्यास मंडळं त्या पुढच्या बैठकीत ठरवू शकतात.